उतारू, माल आणि नाना

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, सोन्याचांदीच्या भावाशेजारी, दरवर्षी एक बातमी येते. ‘रेल्वेच्या मालवाहतुकीत अमुक टक्के वाढ, उतारूंपासूनचे उत्पन्न तमुक कोटी.’ ही बातमी कोण वाचत असेल, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. बातमीदाराला ती कुणीतरी दिलेली असते, संपादकाला तेवढी जागा भरायची असते आणि वाचकाला त्याच पानावरचं राशिभविष्य हवं असतं. सर्वांच्या सोयीचा असा तो व्यवहार आहे. पण ही बातमी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचणारा, तिच्याखाली लाल पेन्सिलीनं रेघ मारणारा आणि “गेल्या साली किती होतं ते लिहिलंच नाही लेकाच्यांनी!” असं म्हणून चष्मा कपाळावर सरकवणारा एक माणूस नगरात आहे. ते आमचे नाना.

नाना म्हणजे माझे धाकटे काका. रेल्वेत माल कारकून म्हणून चिकटले ते १९९० साली निवृत्त होईपर्यंत दौंड-मनमाड मार्ग सोडून कुठे गेले नाहीत. आमच्या घरातली मुलं पाढ्यांच्या आधी काष्टी, श्रीगोंदा रोड, बेलवंडी, विसापूर ही माळ शिकली. मनमाडपर्यंत एका दमात म्हणणाऱ्याला नानांकडून लिमलेटची गोळी मिळायची. मी नेहमी टाकळीमियाला अडखळायचो.

रेल्वेच्या मालडब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे आता पुष्कळांना ठाऊक नसेल. हा शब्द कुणी काढला कोण जाणे, पण त्यानं माझ्या बालपणाचं सोनं केलं. “आज उशीर का झाला?” असं काकूनं विचारलं, की नाना टोपी खुंटीला अडकवत म्हणायचे, “चाळीस वाघिणी आल्या होत्या. मोजून घेतल्या.” माझे काका वाघिणी मोजतात, असं मी वर्गात सांगितलं. त्यावर एक मुलगा खात्री करून घ्यायला माझ्याबरोबर मालधक्क्यावर आला. तिथे विटकरी रंगाचे, खडूनं आकडे खरडलेले लोखंडी पेटारे पाहून तो इतका चिडला की पुढे वर्षभर माझ्याशी बोलला नाही. नानांना हे सांगितलं, तर ते म्हणाले, “त्याला सांग, खरी वाघीण परवडली. ती एकदा खाते. ही वेळेवर रिकामी केली नाही तर तासातासाला खाते.”

त्याला डेमरेज म्हणतात. नगरच्या व्यापारी पेठेत ह्या शब्दाची धास्ती असे. आमच्या घरातही तो शब्द होता, पण पाहुण्यांसाठी. काकूचे थोरले बंधू एकदा दोन दिवसांसाठी म्हणून आले आणि सतरा दिवस राहिले. पाचव्या दिवशी मी नानांना हळूच म्हटलं, “नाना, डेमरेज लावा.” नानांनी माझी चूक गंभीरपणे सुधारली. “वाघीण अडकवून ठेवली तर डेमरेज. माल उतरून धक्क्यावर पडून राहिला तर वार्फेज. मामा उतरलेले आहेत. ते वार्फेज.”

हे सगळं नुसतं बोलण्यावर नव्हतं. नानांची एक वही होती, अजून आहे. लांबोडकी, लाल कापडी पाठीची. दर एक एप्रिलला तिच्यात नवं पान सुरू व्हायचं. डाव्या बाजूला उतारू: आलेले आणि गेलेले. मग माल: आवक आणि जावक. मग उत्पन्न, खर्च, मागील वर्षाशी तुलना, आणि शेवटी सर्वांत रुंद रकाना, शेरा. गव्हाचं पोतं, रॉकेलचा डबा, कोकणातून आलेली आंब्याची पेटी ही आवक. मुलींकडे जाणारं लोणचं, कुरडया, डिंकाचे लाडू ही जावक. एका वर्षाची नोंद मला पाठ आहे. ‘उतारू वाहतुकीत मोठी वाढ. कारण: धाकटीचे लग्न. पुढील साली घट अपेक्षित.’ आणि पुढच्या साली खरोखर घट. पण शेजारी, ‘माल, जावक: वाढ. कारण: धाकटीचे बाळंतपण.’ सबंध कुटुंबाचा इतिहास असा वाढ आणि घट ह्या दोन शब्दांत मावला होता.

ह्या वहीत मी मात्र नव्हतो.

मी नोकरीला पुण्यात. महिन्या-दोन महिन्यांनी नगरला जायचो, मुक्काम करायचो, काकूच्या हातचं भरलं वांगं खाऊन परत यायचो. एकदा नाना आंघोळीला गेले असताना मी वही चाळली, तर बावीस वर्षांत माझं नाव नाही! मामांची सतरा दिवसांची नोंद होती, समोरच्या भिंतीला भोक पाडून गेलेल्या नळवाल्याचीसुद्धा होती (तो राहुरीहून गाडीनं आला होता), पण सख्ख्या पुतण्याची नव्हती. मी काकूकडे तक्रार केली. काकू पोळी लाटता लाटता म्हणाली, “अरे, तू यष्टीनं येतोस ना?”

नाना बाहेर आले आणि त्यांनी जानवं सारखं करत खुलासा केला. “रस्ता वाहतूक ह्या वहीत धरत नाहीत.”

आता ह्यात माझा काही इलाज नव्हता. पुण्याहून नगर रस्त्यानं साधारण एकशेवीस किलोमीटर. रेल्वेनं जायचं तर आधी दौंडला जायचं आणि तिथून काटकोनात वळायचं. म्हणजे एकशेसाठच्या घरात. आमच्या वेळी दौंडला इंजिन सोडून गाडीच्या दुसऱ्या टोकाला लावत, तोवर उतारू फलाटावर उतरून एक चहा, एक भजीची बशी आणि एक राजकीय वाद पुरा करत. पुण्याच्या माणसानं नगरला रेल्वेनं जाणं म्हणजे शेजारच्या बिऱ्हाडी जायला गावाला वळसा घालण्यापैकी होतं. आणि ह्या वळशाचा सूड इतिहासानं पुरेपूर घेतला. राज्याच्या सरकारी एस.टी.ची अगदी पहिली गाडी १ जून १९४८ ला सुटली, ती पुण्याहून नगरलाच! दुसरं कुठलंही गाव त्यांना मिळालं नाही. नाना तेव्हा सोळा वर्षांचे होते. माळीवाड्यात ती गाडी बघायला सगळं गाव लोटलं, नानाही गेले होते. पण रेल्वेला लागल्यावर त्यांनी ती आठवण काढून टाकली. “उतारूंची गळती त्या दिवशी सुरू झाली,” असं ते पानिपतच्या सुरात सांगतात.

शेवटी एका दिवाळीला मी हट्टानं दौंडमार्गे गेलो. सकाळी निघालो तो तिसऱ्या प्रहरी पोचलो. अंगावर दौंडची धूळ होती आणि पोटात दौंडची भजी. नानांनी माझं तिकीट मागून घेतलं, नंबर पाहिला, वही काढली आणि लिहिलं: ‘उतारू १. पुतण्या. प्रथमच.’

काकू म्हणाली, “झालं? आता हातपाय धू.”

नानांचा खरा जीव उतारूंवर नाही, मालावर. उतारू हा प्राणी त्यांच्या मते भांडखोर, उपकार न जाणणारा आणि तोट्यातला. हे मी त्यांचं वैयक्तिक मत समजत होतो. पण काही वर्षांपूर्वी रेल्वेनं तिकिटावरच छापलं, की प्रवासाच्या खर्चापैकी सरासरी सत्तावन्न टक्केच भाड्यातून वसूल होतात. आणखी एक मजकूर असा होता, की तुमच्या भाड्यातला त्रेचाळीस टक्के भार देशाचे सामान्य नागरिक उचलतात, हे तुम्हांला माहीत आहे का? तिकीट हातात धरून मी बराच वेळ विचार केला. सामान्य नागरिक म्हणजे मीच. म्हणजे माझ्या तिकिटाचे सत्तावन्न टक्के मी दिले आणि उरलेले त्रेचाळीस मीच मला दिले, आणि वर माझेच आभार मानायचे! कीर्तनकाराच्या तोंडी शोभेल असं हे अद्वैत होतं.

नानांना तिकीट दाखवलं, तर ते विजयी मुद्रेनं म्हणाले, “सामान्य नागरिक कसले? ते त्रेचाळीस माझ्या वाघिणी देतात.” आणि हे मात्र खरं आहे. रेल्वेच्या वाहतुकीच्या उत्पन्नात रुपयातले पासष्ट-सत्तर पैसे मालाचे असतात. कोळसा, सिमेंट, लोखंड, खत, धान्य ह्यांचं भाडं खर्चापेक्षा चढं ठेवायचं आणि त्या नफ्यातून उतारूला स्वस्तात फिरवायचं, अशी ही जुनी रीत. परिणामी महाग भाड्याला कंटाळून काही माल ट्रकवर जातो, आणि मग उरलेल्या मालावर आणखी भार पडतो. एकत्र कुटुंबात कमावत्या भावाचं जे होतं तेच मालगाडीचं होतं. घर तिच्यावर चालायचं, आणि जरा उतारू गाडी आली की हिलाच बाजूला उभं करायचं! दौंड-मनमाड वर्षानुवर्षं एकेरी रूळ. तेव्हा मालगाडी विळदला किंवा सारोळ्याला तासन् तास बाजूच्या रुळावर उभी असायची आणि तिच्या पैशावर फिरणारे उतारू तिच्याकडे पाहून नाकं मुरडत निघून जायचे. हे सांगताना नानांचा आवाज भरून यायचा.

काकूनं एकदा हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे आपल्या घरात तुम्ही मालगाडी आणि आम्ही सगळे उतारू?”

“अगदी बरोबर.”

“मग मी कोण?”

नाना क्षणभर थांबले. पण चाळीस वर्षांचा संसार गाठीशी होता. “तू इंजिन,” ते म्हणाले.

“आणि इंजिनाचं उत्पन्न कोणत्या रकान्यात लिहिता?”

नानांना उत्तर सुचलं नाही, असं मी पाहिलेलं हे एकमेव उदाहरण. त्या रात्री ते बराच वेळ हिशेब करत बसले. रेल्वेत नुसता माल किती टन गेला ह्याला फारशी किंमत नसते. तो किती लांब गेला हे पाहावं लागतं. टन गुणिले किलोमीटर. नानांनी नळापासून स्वयंपाकघरापर्यंतची पावलं मोजली, घागरीचं वजन धरलं, दिवसाच्या खेपा धरल्या आणि चाळीस वर्षांनी गुणलं. सकाळी काकूला आकडा सांगितला. काकू म्हणाली, “एवढं वाहून आणलं मी?” मग जरा वेळानं म्हणाली, “तरी त्यात धुणं धरलेलं दिसत नाही.”

गंमत अशी, की शेऱ्याचा रकाना वहीत पहिल्यापासून नव्हता. तो १९७३ च्या एप्रिलमध्ये आला.

त्याआधीचं साल दुष्काळाचं. मी तेव्हा कॉलेजात होतो. नगर जिल्ह्याला दुष्काळ नवा नाही, पण बहात्तरसालचा तो दुष्काळ ज्यांनी पाहिला ते अजून नळ टपकताना ऐकला की झोपेतून उठतात. पाथर्डी, जामखेड, कर्जतकडे माणसं रस्त्याच्या कामावर खडी फोडत होती, मुलांना सुकडी मिळत होती, गुरं बेवारशी सुटली होती. विहिरींचे तळ दिसत होते. आणि मालधक्क्यावर मात्र नुसती धांदल! बाहेरून धान्य येत होतं. मिलो नावाची लाल परदेशी ज्वारी येत होती. तिच्या भाकरीचा रंग पाहून म्हाताऱ्या बायका डोळ्यांना पदर लावत. नाना तेव्हा चाळिशीचे, ऐन उमेदीत. दिवसरात्र धक्क्यावर. वर्षअखेर घरी आले ते छाती पुढे काढून. आवकीत कधी झाली नव्हती एवढी वाढ! त्यांनी वही काढली आणि ओसरीवर बसलेल्या आजोबांना मोठ्यानं वाचून दाखवली. आजोबांनी सुपारी कातरणं थांबवलं नाही. ते एवढंच म्हणाले, “सखाहरी गेला की त्याच्या घरी पण आवक वाढते. गाव गोळा होतो.”

नाना गप्प झाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी पट्टी घेतली आणि त्या पानाच्या कडेला एक रकाना आखला.

पुढे निवृत्तीनंतर वेळ मिळाला, तेव्हा नानांनी हा धागा मागेपर्यंत नेला. नगरच्या जुन्या वाचनालयात मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ सालचा सतरावा खंड आहे, तो नगर जिल्ह्याचा. नाना तो रोज जाऊन वाचत. ज्या रुळांवर त्यांची हयात गेली, ते रूळ १८७६ च्या मोठ्या दुष्काळात घातले गेले. अन्नाला मोताद झालेल्या माणसांना सरकारी काम द्यायचं म्हणून दौंड-मनमाडचा मातीचा भराव त्यांच्याकडून टाकून घेतला. १८७८ साली गाडी सुरू झाली, तोवर दुष्काळाची कड लागत आली होती. म्हणजे धान्य आणण्याची वाट ज्यांनी डोक्यावर माती वाहून बांधली, त्यांच्या स्वतःच्या पोटाला त्या वाटेनं यायला उशीरच झाला. आणि दुष्काळ आला की रेल्वेच्या धान्यवाहतुकीला तेजी येते, हे तेव्हाही खरं होतं. लंडनला कंपनीच्या भागधारकांपुढे ‘वाढ’ म्हणून जे वाचून दाखवलं जाई, त्यात आमच्याकडची उपासमार किती होती हे सांगणारा रकाना त्या कागदात नव्हता. “त्यांना आजोबा नव्हते,” नाना म्हणाले.

एरवी चांगलं साल आणि चांगला आकडा बरोबर येतच. साखरेच्या हंगामात नाना बेलापूरला असत. (श्रीरामपूरच्या स्टेशनाला बेलापूर म्हणत. बेलापूर गाव वेगळं आणि लांब. नव्या मुंबईत आणखी एक बेलापूर झाल्यापासून आमचे काही नातेवाईक दोन्हीकडे चुकून जाऊन आले.) लोणीला विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ ह्यांनी सहकारी कारखाना उभा केला, १९५० च्या सुमारास त्याची धुराडी पेटली, आणि पाठोपाठ प्रवरा-गोदावरीच्या काठानं कारखान्यांची रांग लागली. साखरेची पोती भरून वाघिणी निघाल्या, की नानांच्या अंगालाच गोड वास यायचा. ही जावक. तिच्या शेऱ्यात नाना लिहीत, ‘आपली.’ एवढाच शब्द.

लष्करी मालाचा मात्र ते घरात चकार शब्द काढत नसत. नगरला चिलखती दलाचं मोठं केंद्र. रणगाडे रेल्वेनं यायचे-जायचे. नाना गुप्ततेची शपथ घेतल्यासारखे गप्प. फाटकापाशी थांबलेली भाजीवाली मात्र काकूला सांगून जायची, “आज बारा गेले बघा रणगाडे, वर ताडपत्री घालून.”

आमच्या घरात दिवाळीच्या खालोखाल सण कुठला असेल तर रेल्वे अर्थसंकल्पाचा. १९२४ पासून रेल्वेचा अर्थसंकल्प देशाच्या अर्थसंकल्पापासून वेगळा मांडला जाई. त्या दिवशी काकू शिरा करी आणि नाना रेडिओला कान लावून बसत. १९७७ ते ७९ ह्या काळात तर विचारूच नका. रेल्वेमंत्री मधू दंडवते, आणि त्यांचा जन्म नगरचा! नाना त्यांचा उल्लेख ‘आपले मधूभाऊ’ असा करीत, जणू दोघं एकाच वाड्यात वाढले होते. दंडवत्यांनी दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंची फोमची गादी घातली. नानांचं त्यावर म्हणणं असं, की तोपर्यंत उतारूपेक्षा मालाची बडदास्त बरी होती. काचसामान चढवताना खाली निदान पेंढा घालत. तिसरा वर्ग १९७४ मध्ये गेला होता खरा, पण फळी तीच, नुसतं नाव दुसरं. पाठीला फरक कळला तो दंडवत्यांमुळे. २०१७ पासून रेल्वे अर्थसंकल्प मुख्य अर्थसंकल्पात विलीन झाला. नानांनी तरी त्या दिवशी शिरा करायला लावला. भाषणात रेल्वे कधी आली आणि कधी गेली हे कळलंच नाही. “लग्नात मुंज उरकावी तसं,” नाना म्हणाले आणि शिऱ्यात बेदाणे शोधत बसले.

मग २०२० साल आलं. बावीस मार्चच्या मध्यरात्री देशभरच्या उतारू गाड्या थांबल्या. नाना अठ्ठ्याऐंशी वर्षांचे. आमचं घर स्टेशनाच्या बाजूला, गाड्यांच्या शिट्ट्यांवर त्यांचं वेळापत्रक चालायचं. कर्नाटक एक्सप्रेस, झेलम, गोवा, महाराष्ट्र, एकेक शिट्टी गळून गेली. रात्री फक्त मालगाड्यांचा खडखडाट. मी पुण्यात अडकलेला. फोनवर नाना पहिले काही दिवस खुशीत होते. “आता कळलं ना जगाला, खरी रेल्वे कोणती ते? सगळे घरात, पण मालगाडी चालू!”

आठ मेच्या सकाळी मी फोन केला तर काकूनं उचलला. म्हणाली, “बोलत नाहीयेत.” जालन्याहून पायी निघालेले मजूर, रात्री थकून करमाडजवळ रुळांवर झोपले होते. गाड्या बंद आहेत अशी त्यांची समजूत. पहाटे मनमाडकडे निघालेली मालगाडी आली. सोळा माणसं गेली.

पुढे नगरला गेलो तेव्हा त्या सालचं पान पाहिलं. उतारू शून्य. आवक शून्य. जावकही शून्य, कारण लाडू पाठवायला गाडी नव्हती. तुलना, उत्पन्न, सगळे रकाने कोरे. शेऱ्यात फक्त: ‘८ मे. करमाड. १६. उतारूंत धरता येत नाहीत. मालात धरता येत नाहीत.’

वर्षाचे आकडे आले तेव्हा मीच ते नानांना वाचून दाखवले. त्यांना आता बारीक अक्षर दिसत नाही. २०१९-२० मध्ये देशात सुमारे आठशे नऊ कोटी उतारू होते, ते २०२०-२१ मध्ये सव्वाशे कोटींवर आले. उतारूंचं उत्पन्न पन्नास हजार कोटींवरून पंधरा हजार कोटींवर. माल मात्र घटला नाही. एकशेएकवीस कोटी टनांवरून एकशेतेवीस कोटी टनांवर गेला. एरवी ह्यावर नानांनी पेढे वाटले असते. ते म्हणाले, “पुढचं वाच.”

पुढच्या साली उतारू साडेतीनशे कोटींच्या घरात. मी बातमीच्या सुरात म्हटलं, “नाना, एकशेऐंशी टक्के वाढ!”

“विहिरीतून वर काढलेल्या माणसाची उंची वाढली असं म्हणतात का?” नानांनी विचारलं. “आठशे नऊशी लाव.” आठशे नऊशी लावली तर निम्मेसुद्धा नव्हते. त्याच्या पुढच्या साली सहाशेचाळीस झाले, तरीही खालीच. त्या मधल्या साली, म्हणजे २०२१-२२ मध्ये, रेल्वेला शंभर रुपये मिळवायला एकशेसात रुपये खर्च आला. हे ऐकून काकू आतून म्हणाली, “माझं पण तेवढंच येतं.” मार्च २०२० मध्ये ज्येष्ठांची तिकिटातली सवलत बंद झाली होती. वाड्यातले सगळे म्हातारे संतापले. नाना एकटेच म्हणाले, “भरा की रे पूर्ण पैसे. किती दिवस वाघिणींच्या जिवावर फिरणार?” तेव्हापासून संध्याकाळी पारावर त्यांना कुणी जागा देत नाही.

आता बीडची हकीकत सांगतो. नगर-बीड-परळी ही दोनशे एकसष्ट किलोमीटरची रेल्वे १९९५-९६ साली मंजूर झाली. नाना तेव्हा नुकते निवृत्त झाले होते आणि आमच्याकडे माळशेजमार्गे कल्याण रेल्वेची मागणी तर त्याहून जुनी. त्यामुळे मंजुरी ह्या शब्दावर नगरकर फार विसंबत नाहीत. पण भराव पडत गेले. २३ सप्टेंबर २०२२ ला आष्टीपर्यंत गाडी गेली. सुरुवातीला मी एकदा त्या गाडीत डोकावलो तर डब्यात मी, एक कॉलेजचा मुलगा आणि एक शेळी. रिकामी गाडी काय कामाची, असं लोक म्हणू लागले. नाना म्हणाले, “अठराशे अठ्ठ्याहत्तर साली काय गर्दी उसळली असेल का? नव्या सुनेला पहिल्याच दिवशी पुरणपोळी जमते का विचारू नये.” मधल्या काळात, २०२४ मध्ये, जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, आणि १७ सप्टेंबर २०२५ ला गाडी बीडपर्यंत पोचली. मंजुरीपासून तीस वर्षं.

त्यानंतर आठवड्याभरात नानांचा फोन. “ये. गाडीनं ये.” मी दौंडमार्गे गेलो. नाना त्र्याण्णव्या वर्षी परीटघडीचा सदरा घालून तयार. काकूच्या हातात डबा.

“कुठे निघालात?”

“बीडला.”

“बीडला आपलं कोण आहे?”

“कुणी नाही.”

“मग कशाला?”

“अरे, पहिल्या वर्षाचा आकडा लिहायचा चाललाय,” नाना माझ्या अडाणीपणाची कीव करत म्हणाले. “पुढची शंभर वर्षं सगळी तुलना ह्याच्याशी होणार. त्यात आपण तिघं नकोत?”

खिडकीशी त्यांनी मला पैसे काढू दिले नाहीत. तीन तिकिटं स्वतः घेतली, हात लांब धरून तपासली, सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवली. गाडी बऱ्यापैकी भरलेली होती. आष्टीकडची माणसं, दवाखान्याच्या पिशव्या, एक नवी नवरी, कोयत्यांचं गाठोडं मांडीशी घेऊन बसलेलं एक जोडपं. ऊसतोडीच्या हंगामाला ही माणसं दरवर्षी बीडकडून आमच्याकडे येतात, ट्रकमध्ये उभी राहून. ह्या जोडप्याला बसायला जागा मिळाली होती. त्यांचं पोर काकूच्या डब्याकडे टक लावून पाहत होतं.

नानांनी मला वही उघडायला लावली. नवा मार्ग म्हणून नवं पान. उतारू तीन. ‘मागील वर्षाशी तुलना’ ह्या रकान्यात काय लिहू, म्हणून मी विचारलं.

“आडवी रेघ मार,” नाना म्हणाले. “मागचं साल नाहीच.”

मी रेघ मारली. तेवढ्यात काकूनं डबा उघडून एक डिंकाचा लाडू त्या पोराच्या हातावर ठेवला. नाना झटकन पुढे वाकले.

“जावक,” ते म्हणाले. “एक. लिही.”